शिस्त आणि निवाडा : विद्यार्थ्यांविरुद्धच्या तक्रारींचा एक विचार

विद्यापीठीय जीवनात शिस्तीची आवश्यकता सर्वमान्य आहे. तथापि शिस्त राखणे आणि निवाडा करणे ही दोन कार्ये भिन्न आहेत, याचे भान आमच्या शिक्षणसंस्थांना अद्याप पुरेसे आलेले दिसत नाही. शिस्त हा प्रशासनाचा भाग आहे. त्यात त्वरा हा गुण ठरतो. निवाडा हा न्यायाचा भाग आहे. त्यात दुसरी बाजू ऐकून घेण्याइतका धीर लागतो. एकाच अधिकाऱ्याने दोन्ही कार्ये एकाच आसनावरून पार पाडावयाची म्हटले की बहुधा पहिले दुसऱ्याला गिळून टाकते. हा प्रकार कसा घडतो आणि प्रचलित नियम त्यास कितपत आवर घालतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

महाराष्ट्रातील या विषयाचे प्रसिद्ध उदाहरण १९०५ सालचे आहे. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. महाविद्यालयाने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे हे उदारमतवादी आणि बुद्धिनिष्ठ म्हणून विख्यात होते. त्यांच्यावर व्यक्तिगत आकसाचा आरोप करणे न्याय्य होणार नाही. त्याच महिन्यात बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रक निघाले आणि विद्यार्थ्यांना राजकारणापासून आवरले नाही तर अनुदान थांबेल, असा धाक तेथील शाळा-महाविद्यालयांना घातला गेला. सरकारी मर्जीचे सावट शिक्षणसंस्थांवर किती दाट होते, याची यावरून कल्पना येते.

टिळकांनी ‘केसरी’तून ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ या शीर्षकाखाली कठोर टीका केली. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेत १८८४ मध्ये टिळकांचा वाटा होता, तिच्याच महाविद्यालयासंबंधी हा वाद होता, हे विशेष. परंतु तो वाद प्रामुख्याने राजकीय भूमिकेचा झाला. आमच्या दृष्टीने त्यात दुसराही प्रश्न दडलेला आहे. महाविद्यालयाच्या आवाराबाहेर, नागरिक या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल विद्यार्थ्याला शासन करण्याचा अधिकार संस्थेला कोठून प्राप्त होतो? आणि तो आहे असे मानले, तरी तो कोणत्या रीतीने वापरावा?

यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने दिले आहे. उत्तर प्रदेशातील माध्यमिक शिक्षण मंडळाने १९५४ च्या परीक्षेत गैरप्रकार केल्याचा ठपका ठेवून काही विद्यार्थ्यांचे निकाल रद्द केले होते. त्या घनश्यामदास गुप्ता प्रकरणात १९६२ मध्ये न्यायालयाने असे ठरविले की, कायदा मूक असला तरी परिणाम गंभीर असल्यामुळे परीक्षासमितीचे काम न्यायसदृश ठरते; यास्तव विद्यार्थ्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे.

१९७३ च्या हिरानाथ मिश्रा प्रकरणात याच तत्त्वाची दुसरी कड दिसते. रांची येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री शिरून गैरवर्तन केल्याची तक्रार छत्तीस मुलींनी केली होती. चौकशीसमितीने मुलींचे जबाब आरोपित विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले. आरोपितांना आरोप कळवून त्यांचे म्हणणे मात्र ऐकले. न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. साक्षीदार मुलींना उलटतपासणीला उभे करणे म्हणजे त्यांची सुरक्षितता धोक्यात घालणे होय, हे त्यामागील मर्म आहे. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता असे दिसते की, सुनावणीचे स्वरूप प्रसंगानुसार बदलू शकते, पण सुनावणीच वगळता येत नाही.

आता प्रचलित नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम जारी केले. त्यांनुसार संस्थेची समिती तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या पंधरा दिवसांत आपला अहवाल देते. त्याने समाधान न झाल्यास विद्यार्थ्याला पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. ही योजना स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यात दोन उणिवा जाणवतात. समितीचे अध्यक्ष व सदस्य संस्थेतीलच अध्यापक असतात, आणि विद्यार्थ्यांचा एकमेव प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. शिवाय ही योजना मुख्यतः तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे. ज्याच्यावर तक्रार झाली आहे, त्याला संस्थेच्या कृतीविरुद्ध दाद मागावयाची तर ती कृती नियमबाह्य होती हे त्याने दाखवावयाचे. आणि संस्थेच्या नियमांतच सुनावणीची रीत सांगितलेली नसेल, तर नियमबाह्य तरी कशास म्हणावयाचे?

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा याच दृष्टीने तपासून पाहावा. तक्रार येताच संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी आणि सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवावे, असे हा कायदा सांगतो. कुचराई झाल्यास संस्थाप्रमुखच अपप्रेरणेचा दोषी मानला जातो. पीडिताच्या रक्षणासाठी ही कठोरता आवश्यकच आहे. पण तिचा एक परिणाम असाही संभवतो की, स्वतःवर दोष येण्याचे भय असलेला प्रमुखच निवाडा करतो.

मे २०२५ मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने समाजमाध्यमावरील मजकुरावरून एका विद्यार्थिनीला काढून टाकले. तिचे म्हणणे न ऐकता हे केल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली आणि तो आदेश स्थगित केला. १९०५ आणि २०२५ यांमध्ये एकशे वीस वर्षांचे अंतर आहे, राज्यकर्ते बदलले, संविधान आले. पण बाहेरच्या क्षोभाला घाबरून घाईने दंड देण्याची वृत्ती तशीच राहिली.

ती विद्यार्थिनी उच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकली. पळसदरीसारख्या गावातून कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे काय? मुंबई विद्यापीठ त्याच्यापासून रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तेथील लोकपालाकडे जाण्याचा हक्क कागदावर त्यालाही आहे. पण एका दिवसाची मजुरी बुडवून त्याच्याबरोबर कोणी यावयाचे, हा प्रश्न विनियमांत येत नाही. लहान गावातील महाविद्यालयात तक्रार करणारा, तक्रार झालेला आणि समितीवर बसणारा हे परस्परांना ओळखतात. तेथे मोठ्या शहराहून अधिक अलिप्ततेची गरज असते, आणि तीच तेथे सर्वांत दुर्मिळ असते.

यास्तव निदान पुढील गोष्टी प्रत्येक संलग्न महाविद्यालयाने लेखी नियमांत आणाव्यात. आरोप विद्यार्थ्याच्या भाषेत, लेखी द्यावा. पुराव्याचा आशय, तक्रारदाराची ओळख राखून, त्यास कळवावा. उत्तरासाठी मुदत द्यावी. चौकशी करणारा व शिक्षा देणारा एक नसावा. समितीत शेजारच्या महाविद्यालयातील एक अध्यापक असावा. निर्णयात कारणे नमूद असावीत आणि अपील कोठे करावयाचे हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही.

विद्यापीठ वर्गात प्रमाणांचे परीक्षण करावयास शिकविते. पुराव्यावाचून निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधास ते पदवी देत नाही. आपल्याच विद्यार्थ्याविषयी निष्कर्ष काढताना त्याने हा दंडक सोडला, तर त्याच्या अध्यापनाचे मूल्य विद्यार्थ्याने काय ठरवावे?