भुकेची रेघ

आधुनिक चित्रांमध्ये माणसाचं शरीर वाकडंतिकडं का असतं? याचं ठरलेलं उत्तर असं: चित्रकाराला डोळ्यांना दिसतं ते काढायचं नसतं, आत जाणवतं ते काढायचं असतं. गोव्यात साळगावला जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझाची शाईतली डोकी बघा. डोळे कपाळावर चढलेले, चेहऱ्यावर रेघांचं काटेरी जाळं. ही मोडतोड सूझाने स्वतः ठरवून केलेली आहे.

१९४३च्या बंगालमध्ये मात्र हे उत्तर अपुरं पडतं. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं मेली असं मानलं जातं. शरीरांची मोडतोड भुकेने आधीच केली होती. अतिशयोक्ती करायला चित्रकाराकडे काही उरलंच नव्हतं.

झैनुल आबेदीन तेव्हा कलकत्त्याच्या सरकारी आर्ट स्कूलमध्ये शिकवत होते. रस्त्यावर मरणारी माणसं त्यांनी पॅकिंगच्या स्वस्त कागदावर काळ्या शाईने काढली. कुंचल्यात शाई कमी ठेवली की केस फाकतात, रेघ खरखरीत होते आणि मधूनमधून कागद दिसत राहतो. आबेदीनांनी हेच वापरलं. एक कोरडा फटकारा, आणि दंडाचं हाड तयार. मागे ना घर, ना रस्ता. कधी फक्त एखादा कावळा. शाई खोडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक रेघ शेवटचीच.

चित्तप्रसाद यांचा रस्ता वेगळा. १९४३च्या नोव्हेंबरमध्ये ते मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव फिरले. माणसांशी बोलले, त्यांची चित्रं काढली आणि अनेक चित्रांखाली लिहून ठेवलं: नाव, गाव, काय घडलं. त्यातून ‘हंग्री बेंगॉल’ हे छोटं पुस्तक झालं. ब्रिटिश सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या.

निव्वळ रेघ म्हणून पाहिलं तर आबेदीन सरस आहेत, यात मला शंका नाही. चित्तप्रसादांची चित्रं कधीकधी फार सांगत बसतात. छायाप्रकाशाच्या बारीक रेघांची दाटी होते. पण आबेदीनांचा भुकेला माणूस कुणीही असू शकतो. आणि ‘कुणीही’ असलेल्या माणसासाठी हळहळून पुढे जाणं सोपं असतं. त्याच्याबद्दल कुणाला जाब विचारणार?

चित्तप्रसादांचा माणूस तसं जाऊ देत नाही. सरकारने हा दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच केला नव्हता. अशा वेळी चित्राखालचं नाव म्हणजे पुरावा. अमुक गावातला अमुक माणूस असा झाला, हे कागदावर आलं की प्रश्न करुणेचा राहत नाही, जबाबदारीचा होतो. नुसती करुणा उत्पन्न करणारं पुस्तक सरकारला जाळावं लागलं असतं का?

पुढे चित्तप्रसाद मुंबईत आले, अंधेरीत अनेक वर्षं राहिले. १९७८ साली ते गेले. ‘हंग्री बेंगॉल’ची त्यांच्या कुटुंबाने जपलेली प्रत मात्र राहिली, आणि तिच्यावरून २०११मध्ये पुस्तक पुन्हा छापलं गेलं.

आज ही चित्रं फोनवर सहज सापडतात. पोस्टच्या चौकटीत बसवताना चित्राचा कुठला भाग कापायचा, असा प्रश्न आला तर आपला हात आधी खालच्या मजकुराकडे जाईल. तिथेच थांबा. ती ओळ चित्राचाच भाग आहे. कदाचित त्यातली सगळ्यात धीट रेघ.