अजिंठ्याचे चित्र आणि छायाचित्राचा पाठ

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या संगणकीय तंत्राने छापलेल्या प्रतिमा आज अनेक विहारांत व घरांत दिसतात. त्यांमागील श्रद्धेचे मोल आम्ही जाणतो. तथापि त्यांतील पुष्कळ प्रतिमा पाहता एक प्रश्न उपस्थित करणे आवश्यक वाटते : हे मूळ चित्र आहे, की त्यावरील भाष्य?

रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. पुढे गुलाम याझदानी यांचे छायाचित्रांवर आधारलेले चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. हाताच्या प्रतीत नक्कलकाराची दृष्टी उतरते, कॅमेरा मात्र तटस्थ असतो, असा समज तेव्हापासून रूढ आहे. तो भ्रामक होय.

लेण्यात प्रकाश अल्प असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर दिलेले शेलॅक पिवळे पडले असून ते चकाकतेही. म्हणून कॅमेरा भिंतीस समांतर हवा आणि दोन्ही बाजूंनी येणारा सौम्य प्रकाश समान हवा. दिव्यांवर व भिंगावर परस्परांस काटकोनात पोलरायझिंग फिल्टर लावल्यास चकाकी हटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच प्रकाशात ज्ञात रंगांच्या पट्टीचेही छायाचित्र घ्यावयास हवे. तिच्यावाचून संगणकावर जुळविलेला रंग हा चालकाच्या अभिरुचीचा रंग ठरतो.

या अभिरुचीचे परिणाम किरकोळ नाहीत. गेरूचा तांबडा शेंदरी होतो, झडलेला भाग भरून निघतो आणि श्यामवर्णी काया उजळते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या परिसरात चित्रकाराने सावळ्या आकृती निःसंकोच रंगविल्या आहेत. त्यांना गोरे करणे म्हणजे त्या चित्रकाराची साक्ष बदलणे होय. वर्णाभिमान नाकारणाऱ्या धम्माच्या वारशात असा फेरफार आम्हास विशेष खटकतो.

पालि पोथीतील अक्षर झडले असेल, तर संपादक आपली पूर्ती कंसात देतो. तिला मूळ पाठ म्हणत नाही. हीच शिस्त प्रतिमेस लागू व्हावी. पूर्ती केलेले चित्र छापावयाचे असल्यास त्याशेजारी आजच्या भिंतीचे चित्र छापावे, आणि कॅमेऱ्यातील मूळ फाइल रंगपट्टीसह जतन करावी. झडलेली भिंत दाखविण्यात वारशाचा अवमान नाही. अनिच्चतेचा उपदेश ऐकणाऱ्यांनी तिच्याकडे पाहण्यास कचरू नये.