पाटीवरचा ‘ण’: ठळक, अरुंद, गोलसर देवनागरीविषयी

मराठी पाटीचा प्रश्न आपण नेहमी अस्मितेचा म्हणून मांडतो. मला तो अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेचाही वाटतो. २०२२च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रातल्या दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीतले मराठी नाव आधी असावे आणि त्याची अक्षरे अन्य लिपीपेक्षा लहान नसावीत, असे बंधन घातले. पाटीची लांबी मात्र गाळ्याएवढीच राहते. मग नाव बसवण्यासाठी ठळक, अरुंद, गोल टोकांचे वळण निवडले जाते. रोमन लिपीला ते मानवते, कारण तिची मोठी अक्षरे एकाच मजल्यावर नांदतात. देवनागरीला तीन मजले लागतात.

पेण, हमरापूर, जोहे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांचा नेहमीचा शब्द घ्या: ‘मूर्ती’. खाली उकार, वर वेलांटी आणि रफार. दोन्ही लिप्यांना सारखी उंची दिली, तरी मराठी अक्षराचे मुख्य अंग लहानच राहते. नियम पाळला जातो आणि लांबून वाचणाऱ्याच्या पदरी बारीक अक्षर पडते.

दिवा–रोहा रेल्वेमार्गावरच्या दोन गावांची नावेही चांगली कसोटी आहेत. ‘पेण’मधल्या ‘ण’ला तीन उभे दंड आहेत. अक्षर जाड आणि अरुंद केले, की त्यांच्यातल्या फटी बुजतात. ‘रोहा’मध्ये दोन दंडांच्या कचाट्यात वळणावळणाचा ‘ह’ सापडतो. रुंदी नाकारली तर त्याचे गाठोडे होते. संगणकावर तयार अक्षर नुसते आडवे दाबले, तर उभे दंड बारीक होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते. म्हणून अरुंद अक्षर मुळातूनच अरुंद रेखाटावे लागते.

कमल शेडगे नाटकांची शीर्षके हाताने रेखाटत, तेव्हा ही तडजोड त्या एका शब्दापुरती करता येई. फाँट करणाऱ्याला ती सगळ्या शब्दांसाठी आधीच करून ठेवावी लागते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने हे आव्हान पेलले आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांच्या ‘मोदक’मध्ये अक्षर इतके गुबगुबीत आहे, की पोटातली पोकळी चिरेएवढी उरते, पण ती चीर विचारपूर्वक राखलेली असल्याने शब्द ओळखता येतो. मोठ्या फलकावर तो शोभतो, लहान पाटीवर गुदमरतो. गोलसर ‘बालू’ मला अधिक उपयोगी वाटतो. ‘बालू २’मध्ये जाडीच्या पाच पायऱ्या आहेत, पाटीसाठी मी सर्वांत जाड पायरी टाळून मधली घेईन.

दोन लिप्यांची बरोबरी मोजायचीच, तर देवनागरीचे माप शिरोरेषेखालच्या अंगाचे घ्यावे. उकार-वेलांट्या त्यात धरू नयेत. आणि पाटी टांगण्यापूर्वी तिच्यातला ‘ण’ रस्त्याच्या पलीकडून एकदा वाचून पाहावा.