अग्निबाण पडला कशाने?

मध्यंतरी कार्ल्याच्या एका शाळेत मावळातील विज्ञान शिक्षकांसमोर बोलण्याचा योग आम्हाला आला. विषय होता भारताचा अवकाश कार्यक्रम. आम्ही पोहोचलो तेव्हा फळ्यावर रंगीत खडूने एक यादी लिहून ठेवलेली होती : आर्यभट १९७५, रोहिणी १९८०, चांद्रयान-१ २००८, मंगळयान २०१३, चांद्रयान-३ २०२३. यादीतील सारी साले बरोबर होती. मात्र तीत पडलेला असा एकही अग्निबाण नव्हता.

भाषण संपल्यावर एका शिक्षिका उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, १९७९ साली आपला पहिला उपग्रह-प्रक्षेपक समुद्रात पडला, आणि सतीश धवनांनी पत्रकारांसमोर जबाबदारी स्वतःवर घेतली, ही गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगते. यंदा एका मुलानं विचारलं, बाई, पण तो पडला कशानं? मला काही सांगता आलं नाही."

खरे सांगायचे तर आम्हालाही तिथल्या तिथे अर्धेच सांगता आले. आम्ही एवढी वर्षे संशोधनाच्या क्षेत्रात काढली, धवन आणि कलाम यांची ही गोष्ट किती वेळा ऐकली आणि ऐकवली, पण त्या मुलाचा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहोत.

तर तो पडला एका झडपेमुळे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेला एसएलव्ही-३ हा चार टप्प्यांचा, सुमारे २२ मीटर उंचीचा आणि १७ टन वजनाचा अग्निबाण होता. चारही टप्पे घन इंधनाचे. घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही, कमीजास्त करता येत नाही. अग्निबाणाचे तोंड योग्य दिशेला ठेवायचे तर वेगळी व्यवस्था लागते. दुसऱ्या टप्प्यात ही व्यवस्था द्रवावर चालणारी होती आणि त्यातील एक द्रव होता धूमायमान नायट्रिक आम्ल. आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात जे नायट्रिक आम्ल असते, त्याचाच हा अधिक जहाल भाऊ. उड्डाणापूर्वी या प्रणालीची एक विद्युत झडप उघडली ती धुळीच्या कणांमुळे नीट मिटली नाही. आम्ल गळून गेले. पहिला टप्पा उत्तम चालला. दुसऱ्या टप्प्याची पाळी आली तेव्हा दिशा सावरायला आम्लच शिल्लक नव्हते. अग्निबाण भरकटला आणि उड्डाणानंतर ३१७ सेकंदांनी बंगालच्या उपसागरात पडला. पुढे १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला.

धवनांचा मोठेपणा निर्विवाद आहे. आमची तक्रार वेगळी आहे. माणसाच्या मोठेपणाची गोष्ट सांगताना आपण झडपेची गोष्ट गाळतो. जिद्द ठेवा म्हणजे यश मिळेल, एवढाच अर्थ मग मुलांच्या हाती लागतो. पण त्या अकरा महिन्यांत लोकांनी केवळ जिद्द ठेवली नव्हती. नोंदी तपासल्या, प्रत्येक शक्यता मांडून एकेक बाद केली, दोष सापडल्यावर तो पुन्हा होऊ नये अशी रचना केली. विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच पाठ्यपुस्तकात नाही, वर्तमानपत्रात नाही, आमच्यासारख्यांच्या भाषणांतही नाही.

कार्ल्याचे चैत्यगृह ज्यांनी पाहिले आहे त्यांना छताच्या लाकडी कमानी आठवतील. दोन हजार वर्षांपूर्वीचे लाकूड म्हणून आपण कौतुकाने पाहतो. पण छत अखंड कातळाचे आहे, त्या फासळ्या काहीच तोलून धरत नाहीत. पूर्वी लाकडाच्या इमारतीत त्यांना काम होते, इथे त्या रिवाज म्हणून आल्या. पलीकडे भाज्याच्या लेण्यात तर खांबही लाकडी बांधणीच्या सवयीने आत झुकवून कोरलेले आहेत. कार्ल्याच्या कारागिरांनी ते सरळ उभे केले; फासळ्या मात्र सोडवल्या नाहीत. आमच्या अपयशकथांत अशा बऱ्याच फासळ्या आहेत, असे त्या दिवशी जिना उतरताना वाटले.

इस्रोच्या इतिहासात झडपेसारख्या गोष्टी भरपूर आहेत. एएसएलव्ही २४ मार्च १९८७ रोजी पडला, कारण बाजूचे दोन अग्निबाण जळून संपल्यावर मधला टप्पा पेटलाच नाही. १३ जुलै १९८८ रोजी तो पुन्हा पडला. या वेळी टप्पा पेटला, पण वातावरणाचा मारा सर्वांत जास्त असतानाच्या काही क्षणांत दिशेचे नियंत्रण सुटले. पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी फसले. दुसरा टप्पा अलग होताना धक्का बसला, आणि तो सावरणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत एक चूक होती : मोठी संख्या ठरलेल्या जागेत मावली नाही. मोटारीच्या किलोमीटर दाखवणाऱ्या आकड्यांत ९९९९९ नंतर शून्ये येतात, तसाच काहीसा हा प्रकार. आठवीतल्या मुलालाही समजेल! १५ ऑक्टोबर १९९४ रोजी पीएसएलव्ही यशस्वी झाला आणि पुढची कित्येक वर्षे त्याने जवळजवळ चूक केली नाही.

क्रायोजेनिक इंजिनाची कथा तर राजकारणासकट सांगण्यासारखी आहे. रशियाशी १९९१ मध्ये झालेला करार अमेरिकेच्या दडपणाने मोडला. तंत्रज्ञान मिळाले नाही, तयार इंजिने तेवढी मिळाली. मग स्वतःचे इंजिन बनवण्यात दोन दशके गेली. १५ एप्रिल २०१० रोजी त्याची पहिली परीक्षा झाली तेव्हा उणे २५३ अंशांच्या द्रव हायड्रोजनचा पंप सुरू होऊन लगेच थांबला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला रशियन क्रायोजेनिक टप्पा बसवलेला जीएसएलव्ही उडाला, आणि वरच्या संगणकाकडून खालच्या इंजिनांकडे आज्ञा नेणाऱ्या तारांच्या जोडण्याच वेळेआधी सुटल्या. मेंदू शाबूत, हातपाय शाबूत, मधल्या नसा तुटलेल्या. स्वदेशी इंजिन ५ जानेवारी २०१४ रोजी चालले.

या साऱ्याशी आपल्या भागाचा संबंधही जवळचा आहे. घन इंधनाचा पाया घालणाऱ्यांपैकी डॉ. वसंत गोवारीकर पुण्याचे. १९७९ ते १९८५ या काळात ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. प्रमोद काळे यांनीही पुढे ते केंद्र सांभाळले. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे पोलादी कवच आपल्याच जिल्ह्यात, वालचंदनगरला घडते. मावळातल्या मुलांना 'हे दूर कुठेतरी' असे वाटण्याचे कारण नाही.

आता टीकेचा मुख्य मुद्दा. वर दिलेली कारणे आम्ही सांगू शकतो, कारण ती त्या त्या वेळी शोधली गेली आणि बऱ्याच अंशी लोकांपुढे ठेवली गेली. हा इस्रोचा खरा पराक्रम, असे आमचे मत आहे. अग्निबाण सगळ्याच देशांचे पडतात. गरीब देशाची सरकारी संस्था आपल्या चुकीचा पंचनामा लोकांसमोर मांडते, हे दुर्मिळ होते. ही सवय आता सैल होत आहे, असे आम्हाला दिसते.

याची चाहूल २००९ मध्येच लागली होती. चांद्रयान-१ ची कक्षा मे महिन्यात १०० किलोमीटरवरून २०० किलोमीटरवर नेली, तेव्हा अधिक विस्तृत निरीक्षणांसाठी असे सांगण्यात आले. यानाचे ताऱ्यांवरून दिशा ओळखणारे संवेदक निकामी झाले होते आणि यान तापत होते, हे जुलैत बाहेर आले. त्या ऑगस्टमध्ये यानाशी संपर्क तुटला. दोन वर्षांची मोहीम ३१२ दिवसांत संपली. तरीही चंद्रावरील पाण्याचा पुरावा तिने दिला, हे लहान यश नव्हे; त्यासाठी दुखणे लपवायची गरज नव्हती.

चांद्रयान-२ च्या वेळी ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विक्रम चंद्रावर आदळले. देशाने अश्रू पाहिले, आलिंगन पाहिले. मग मोहीम ९० ते ९५ टक्के यशस्वी, पुढे ९८ टक्के यशस्वी, असे आकडे आले. ही टक्केवारी कशाची? भाजक कोणता, अंश कोणता? परीक्षेत अशी टक्केवारी कोणी मांडली तर आपण शिक्षक म्हणून लाल शाई वापरू. चंद्राभोवती फिरणारे यान उत्तम चालले आणि उतरणारे यान आपटले, हे दोन वाक्यांत सांगता येत होते.

कारण आले ते थेंबाथेंबाने. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेतील लेखी उत्तरात सांगितले गेले की ३० किलोमीटरपासून ७.४ किलोमीटर उंचीपर्यंत वेग सेकंदाला १६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला, इथवर ठीक. पुढच्या टप्प्यात वेग अपेक्षेपेक्षा जास्त घटला. अधिक उलगडा २०२३ मध्ये, चांद्रयान-३ निघण्याच्या सुमारास, इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी केला. पाच इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त भरला. छायाचित्रे घेण्यासाठी यान काही काळ स्थिर ठेवायचे होते, त्यामुळे चुका साठत गेल्या. मग यानाला झपाट्याने वळावे लागले, पण वळण्याच्या वेगावर आज्ञावलीची मर्यादा होती. शिवाय उतरण्याची जागा होती अवघी ५०० मीटर लांबरुंद.

हे कळल्यावर चांद्रयान-३ मधला प्रत्येक बदल अर्थपूर्ण होतो. पाचऐवजी चार इंजिने. सुमारे ४ गुणिले २.४ किलोमीटरची ऐसपैस जागा. सेकंदाला ३ मीटर वेगाने टेकले तरी टिकतील असे पाय. २३ ऑगस्ट २०२३ रोजी यान उतरले ते चार वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. ही उत्तरे दाखवताना मुलांना प्रश्न मात्र कोणी दाखवला नाही.

मंगळयानाबद्दलही थोडे. चित्रपटापेक्षा स्वस्त, हे वाक्य इतक्यांदा ऐकले की कंटाळा आला. ४५० कोटी रुपयांत पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचणे ही तंत्रज्ञानाची मोठी झेप होती. पण यानावरची उपकरणे सुमारे १५ किलोंची होती, आणि मिथेन शोधण्यासाठी नेलेले उपकरण त्या कामाला अपुरे ठरले. कमी खर्चात काय मिळाले याबरोबर काय मिळाले नाही हेही सांगावे. चित्रपटाशी तुलना करून कोणत्याही दुर्बिणीची किंवा यानाची किंमत कळत नाही.

अलीकडचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ पडला. तिसऱ्या टप्प्यात, घन इंधनाच्या मोटरमधला दाब घटला, एवढे लगेच सांगण्यात आले. याचा अर्थ वर्गात समजावता येतो. घन इंधन जितक्या जास्त दाबाखाली जळते तितके भराभर जळते. दाब घटला की जळणे मंदावते, जळणे मंदावले की वायू कमी तयार होतो, म्हणून दाब आणखी घटतो. पण पहिली घट कशाने झाली? कवचाला भेग गेली, सांधा गळला की नळकांडे झिजले? समिती नेमली गेली, अहवाल सरकारकडे गेला. पण १२ जानेवारी २०२६ रोजी पीएसएलव्ही-सी६२ उडाला तोवर तो लोकांसमोर आलेला नव्हता. आणि सी६२ हाही तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस बिघडला.

दोन्ही बिघाडांचे मूळ एकच, असे आम्ही म्हणत नाही; तसे म्हणायला पुरावा हवा, आणि पुरावा बंद पाकिटात आहे. दोन्ही अग्निबाणांवरचे मुख्य उपग्रह टेहळणीचे होते, सगळे उघड करता येत नाही, हे आम्ही मान्य करतो. उपग्रह काय पाहणार होता ते गुप्त राहू द्या. पण मोटरचा दाब का घटला, हे गुप्त ठेवून देशाचे कोणते रक्षण होते? १९९३ मध्ये इस्रो आजच्यापेक्षा कितीतरी दुबळी होती, टिंगलही जास्त होई. तरी संख्या मावली नाही हे तिने सांगितले.

आमची कळकळ वर्गासाठी आहे. प्रयोगवहीत गुरुत्वत्वरण ९.८ च येते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. लंबक कसाही हलो, वाचन आधी ठरलेले असते. विद्यार्थी असताना आम्हीही ते तसेच लिहिले. ८.९ आलेल्या मुलाला 'का आले ते शोध' असे सांगणारा शिक्षक विरळा. इस्रोची जुनी वागणूक अशा शिक्षकाच्या हातातले सर्वांत मोठे उदाहरण होते.

त्या दिवशी कार्ल्यात आम्ही एक हिशेब फळ्यावर केला. १६८३ मधून १४६ वजा केले : १५३७. समजा इंजिनांचा जोर एक टक्का जास्त भरला आणि तो दुरुस्त झालाच नाही, तर ढोबळमानाने वेगात सेकंदाला १५ मीटरचा फरक पडेल. गुरुत्वाकर्षण, इंधन जळून कमी होणारे वस्तुमान, सगळे बाजूला ठेवलेला हा आमचा हिशेब, इस्रोचा नव्हे. यानाचे पाय झेलू शकतात सेकंदाला दोन-तीन मीटर. म्हणजे एक टक्का हीसुद्धा केवढी चूक! प्रत्यक्षात संगणक ती सतत भरून काढत असतो. ती किती चपळाईने भरून काढता येते, इथेच २०१९ मध्ये घोडे अडले. हे झाल्यावर शिक्षकांचे प्रश्न थांबेनात. संपकऱ्यांच्या वर्गासारखे वातावरण असलेल्या त्या खोलीत पाऊण तास कोणी घड्याळ पाहिले नाही.

निघताना त्या बाईंनी फळ्यावरच्या यादीत पडलेल्या अग्निबाणांच्या ओळी घातल्या आणि शेजारी नवा रकाना आखला : 'कशाने?' १९७९ पुढे लिहिले, झडप. १९९३ पुढे, संख्या मावली नाही. २०१० पुढे दोन नोंदी, पंप आणि जोडण्या. सी६१ पुढे त्यांनी 'दाब घटला' एवढे लिहिले, आमच्याकडे पाहिले आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.