ध्वनिमुद्रिकांचा पाठ आणि शुद्धपाठ

गांधीजींचें ईश्वरविषयक इंग्रजी भाषण १९३१ सालीं लंडन येथें कोलंबिया कंपनीनें मुद्रित केलें. १९३६ पासून त्यांचें वास्तव्य लाभलेल्या सेवाग्रामीं वा अन्यत्र, अशा ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची अंकीय प्रत करणारांनीं केवळ खरखर घालविण्याच्या गुणावरून संगणकप्रणाली निवडूं नये, असें आमचें मत आहे. खरखरीसमवेत स, श हे ऊष्म वर्णहि झिजतात. शिवाय मंद्र-तार ध्वनींचें १९५४ चें आरआयएए प्रमाण १९३१ च्या तबकडीस लावणें म्हणजे उत्तरकालीन टीकेवरून मूळ पाठ बदलणें होय. विनामूल्य ऑडॅसिटींत मूळ ध्वनि संस्काराविना, ९६ किलोहर्ट्झ व २४ बिटांवर उतरवितां येतो. म्हणून ती आम्हांस ग्राह्य वाटते. मूळ प्रत अबाधित राखून शुद्धपाठ निराळा करावा व केलेले संस्कार नोंदवावे. एकदां गाळलेला वर्ण त्या प्रतींतून पुन्हा मिळत नाहीं.