कांचनजंगाचे कोपरे

वणीत आकाशरेषा सप्तशृंगीची रांग ठरवते. माणसाने बांधलेलं काहीही त्या कड्यांसमोर खुजंच. मुंबईत, पेडर रोडलगतच्या टेकडीवर, एका इमारतीने थेट शिखराचंच नाव घेतलं आहे : चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा, 1983 मध्ये पूर्ण झालेली. आज शहरात तिच्याहून कितीतरी उंच मनोरे आहेत. रेखीव मात्र फार थोडे.

आधी प्रमाण पाहावं. तळ 21 मीटरचा चौरस, उंची 84 मीटर. म्हणजे एकास चार. बाहेरून ना नक्षी, ना कंगोरे. शुभ्र, सपाट भिंती, आणि कोपऱ्यांत मोजके खोल छेद. कलिंगडाची खाप काढावी तसा त्या छेदांतूनच आतला रंग दिसतो. रंग दर्शनी भिंतीला न फासता कापलेल्या गाभ्यात राखणं, हा संयम उच्च अभिरुचीचा.

हे छेद शोभेचे नाहीत. मुंबईत घराला पश्चिमेचा वारा हवा, समुद्रही हवा. पण त्याच दिशेने दुपारचं ऊन आणि आषाढातला झोडपणारा पाऊस येतो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता : राहत्या खोल्यांभोवती सावलीचा एक पट्टा. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आभाळात नेला. दोन मजली उंचीची ही गच्ची-बाग ऊन-पाऊस आधी स्वतःवर झेलते, मग वारा आत सोडते. शिवाय ती कोपऱ्यात असल्याने दोन बाजूंना मोकळी; वाऱ्याचा मान राखणारा नकाशा तो हाच.

खरी मौज पुढे आहे. जिथे खांब असायलाच हवा असं डोळ्याला वाटतं, नेमका तोच कोपरा रिकामा! 6 मीटरहून अधिक लांब गच्च्या खालून टेका न घेता पुढे आलेल्या. संरचनेचे अभियंते होते शिरीष पटेल. मधला काँक्रीटचा गाभा, ज्यात लिफ्ट आहेत, तो साचा वर वर सरकवत आधीच उभा केला. वाऱ्याचे धक्के तो पेलतो. गच्च्यांचा भार बाजूच्या भिंतींवर. एवढी कसरत, पण चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही.

आणि उभा छेद, म्हणजे इमारत उभी चिरली तर दिसणारी आतली रचना! 28 मजल्यांत 32 घरं, तीन ते सहा शयनगृहांची, एकमेकांत गुंतवलेली. पातळ्यांत थोडा चढउतार ठेवून बैठक आणि गच्ची वेगळ्या केलेल्या. दर्शनी भागावरचे छेद वरखाली पडतात ते या गुंफणीमुळे. सवय झाली की बाहेरूनच घरांची मांडणी वाचता येते.

हा व्हरांडा अर्थात धनिकांचा, ते विसरू नये. पण त्याच दशकात याच वास्तुकाराने नवी मुंबईत बेलापूरला सामान्यांसाठी कमी उंचीची घरं रचली आणि तिथेही प्रत्येक घराला स्वतःचं अंगण दिलं. मला तर ही दोन कामं शेजारी ठेवूनच पाहायला आवडतात.