पाठीमागे ठेवलेला चेहरा

पापनिवेदनासाठी गुडघे टेकताना राग, आळस, प्रार्थनेतील चालढकल यांची यादी मी आजही बिनचूक सांगतो. गर्वाचे नाव त्या यादीत क्वचितच असते. पंचवीस-तीस वर्षे वेदीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाची ही स्थिती. म्हणून यंदाच्या उपवासकाळात संत ऑगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’ पुन्हा हाती घेतले. सेमिनरीत ते परीक्षेसाठी वाचले होते आणि इतर अनेकांप्रमाणे मीही आठव्या भागातील मिलानच्या बागेपाशी, म्हणजे इ. स. ३८६ मधील परिवर्तनापाशी, मनाने थांबलो होतो.

इ. स. ३९७ ते ४०० च्या सुमारास हिप्पोच्या या बिशपांनी लिहिलेल्या तेरा भागांच्या ग्रंथाला सरसकट आत्मचरित्र म्हटले जाते. ते अपुरे आहे. आत्मचरित्रकार वाचकाशी बोलतो. येथे लेखक प्रारंभापासून परमेश्वराशी बोलतो आणि वाचक बाजूला उभा राहून ऐकतो. लॅटिनमधील ‘कॉन्फेसिओ’ या शब्दात पापाची कबुली आणि परमेश्वराची स्तुती हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्यासाठी दोन शब्द लागतात आणि भाषांतरात त्यांपैकी एक हरवतो.

दुसऱ्या भागात नासपतीच्या चोरीची हकिगत आहे. सोळाव्या वर्षी मित्रांसोबत त्यांनी शेजारच्या झाडावरील फळे चोरली. स्वतःजवळ याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा गोष्टीसाठी इतकी पाने कशाला, असा आक्षेप काही वाचक घेतात. मला तो पटत नाही. भूक असती तर चोरीला निमित्त मिळाले असते. निमित्त नाही, म्हणूनच त्या कृत्याचा गाभा उघडा पडतो. आपल्याला कोणी अडवू शकत नाही, या भावनेची चव त्या मुलाला हवी होती. सर्वशक्तिमान परमेश्वराची ती वेडीवाकडी नक्कल होती, हे पुढे बिशप झालेले ऑगस्टीन ओळखतात.

त्या मुलाला मात्र हे ज्ञान नव्हते. ते आले कसे, हाच ग्रंथाचा खरा विषय. आठव्या भागात पॉन्टिशियानुस नावाचे एक गृहस्थ भेटीस येतात आणि ट्रिअर येथील दोन राजसेवकांची हकिगत सांगतात. संत अँथनी यांचे चरित्र वाचून त्या दोघांनी सर्वसंगपरित्याग केला होता. गोष्ट दुसऱ्यांची, पण ती ऐकत असता परमेश्वराने आपल्याला आपल्याच पाठीमागून ओढून आपल्यासमोर उभे केले, अशी प्रतिमा ऑगस्टीन योजतात. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली, तीच ही रीत. थेट आरोप झाला असता तर दावीदाने कदाचित बचाव केला असता. गोष्ट ऐकताना त्याने निकाल देऊन टाकला.

पाप असे दिसते. गर्व एवढ्याने दिसत नाही. प्लेटोवाद्यांच्या ग्रंथांत देवापाशी असलेला शब्द आपल्याला आढळला, देहधारी झालेला शब्द आढळला नाही, असे सातव्या भागात ते नोंदवतात. त्या वाचनाने ज्ञान वाढले आणि अहंकारही. उंचावरच्या देवाकडे पाहणाऱ्या विद्वानाला आपणही उंच आहोत असे वाटू शकते. गव्हाणीतल्या देवाकडे पाहायचे तर वाकावे लागते.

तरीही या प्रकाशात एक कोपरा अंधारा राहिला आहे आणि श्रद्धेपोटी तो झाकू नये. अनेक वर्षे त्यांच्यासोबत राहिलेली, अदेओदातुस या त्यांच्या मुलाची आई, ठरलेल्या विवाहाच्या आड येते म्हणून आफ्रिकेला परत गेली. स्वतःच्या काळजाची जखम ऑगस्टीन सांगतात. तिचे नावही सांगत नाहीत. (तिच्या अब्रूसाठी नाव गुप्त ठेवले, हा बचाव मी सेमिनरीत ऐकला होता आणि तेव्हा मानलाही होता.)

दहावा भाग म्हणूनच मोलाचा. येथे भूतकाळ संपतो. बाप्तिस्म्याला दहा वर्षे उलटून गेलेला बिशप लिहितो की, लोकांनी केलेली स्तुती आपल्याला आवडते. ती स्वतःसाठी आवडते की त्यांच्या हितासाठी, हे सांगता येत नाही. पोकळ कीर्तीचा तिरस्कार करणारा माणूस पुष्कळदा त्या तिरस्काराचीच कीर्ती मिरवतो, हेही ते सांगतात.

मागच्या सणाच्या प्रवचनात मी नम्रतेवर बोललो. मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात चार जणांनी हात हातात घेऊन वाहवा केली. पाचवा काही न बोलता निघून गेला, आणि दुपारच्या जेवणापर्यंत मला त्याचाच चेहरा आठवत राहिला.